लेहला निघण्यापूर्वीचे पाच आठवडे : धुळ्यातील एका गॅरेजविषयी

धुळ्यात चाळीसगाव चौफुलीपासून थोडे आत, ट्रकच्या बॉडी बांधणाऱ्यांच्या रांगेत एक लहानसे गॅरेज आहे. त्यावर पाटी नाही आणि बसायला दोनच स्टुले आहेत, पण ‘आबांचे गॅरेज’ म्हटले की पानटपरीवालाही वाट दाखवतो. गेल्या जूनमध्ये मी आणि माझा धाकटा भाऊ एकाच मोटारसायकलवर लेहला जाऊन आलो. जाऊन-येऊन मीटरवर 4,900 किलोमीटर पडले आणि त्या सगळ्या प्रवासाची गाडी याच जागी तयार झाली, म्हणून हा अभिप्राय जरा सविस्तर लिहीत आहे.

मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन्ही महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदत असल्यामुळे आपल्याकडे गॅरेजांची वानवा नाही. मी आधी एका मोठ्या वर्कशॉपमध्ये चौकशी केली होती. तेथे गाडी न पाहताच वीस हजारांच्या वर खर्चाची यादी हातात देण्यात आली आणि ‘निघण्याच्या आदल्या दिवशी गाडी आणा, सगळे नवे टाकून देतो’ असे सांगण्यात आले. आबांनी पहिला प्रश्न विचारला तो निघण्याच्या तारखेचा. मी 14 जून सांगितली. त्या दिवशी 9 मे होता. ‘मंग काय घाई शे, दादा?’ असे म्हणून त्यांनी गाडी स्टँडवर घेतली. नवा टाकलेला कोणताही भाग निघण्यापूर्वी किमान पाचशे किलोमीटर चाललेला असला पाहिजे, कारण जे बिघडायचे असेल ते धुळ्यात बिघडलेले बरे, असा त्यांचा नियम आहे. लांबच्या प्रवासाच्या तयारीविषयी मी जे काही ऐकले-वाचले आहे, त्यात मला सर्वांत उपयोगी ठरलेली गोष्ट हीच आहे.

माझी गाडी रॉयल एनफील्डची हिमालयन 411 असून ती तोपर्यंत 31,000 किलोमीटर चालली होती. पहिल्या फेरीत आबांनी एकही भाग बदलला नाही. पुढचे चाक उचलून हँडल सावकाश दोन्हीकडे फिरवत कोनसेटमध्ये, म्हणजे हँडलच्या बेअरिंगमध्ये, खाच पडली आहे का ते पाहिले, चाकाच्या तारा पान्याने एकेक वाजवून सैल तारांवर खडूने खूण केली आणि मागच्या स्प्रॉकेटचे, म्हणजे चेन चढते त्या दातेरी चक्राचे, दात एका बाजूला झुकलेले मला बोट लावून दाखवले. चेन किट, मागचे ब्रेक पॅड, दोन नव्या ट्यूब, क्लच केबल आणि इंजिन ऑइल एवढीच यादी निघाली. क्लच प्लेटही बदलून टाकावी, असा माझा आग्रह होता. तिचे आयुष्य अजून शिल्लक आहे आणि चांगले चाललेले उघडायचे नाही, असे सांगून त्यांनी तो मोडून काढला. स्वतःची मजुरी कमी करणारा असा सल्ला देणारा मिस्तरी मला तरी विरळाच भेटला आहे. क्लचची जुनी केबलही त्यांनी काढली नाही. नवी केबल तिच्या शेजारूनच अंथरून जागोजागी बांधून दिली, म्हणजे वाटेत जुनी तुटली तर फक्त दोन टोके जोडायची. ती नवी केबल न वापरताच घरी परत आली.

दुसऱ्या फेरीचा जवळजवळ पूर्ण दिवस मागच्या चाकापाशी गेला. या गाडीच्या तारांच्या चाकांत ट्यूब असते, त्यामुळे पंक्चर म्हणजे चाक काढणे आलेच. आबा स्टुलावर बसून राहिले आणि सर्व काम त्यांनी माझ्याकडून करवून घेतले. टायरची कड रिमवरून सुटेना, तेव्हा साबणाचे पाणी सोडून टाच कोठे रोवायची ते त्यांनी दाखवले. ट्यूब बाहेर आल्यावर टायरच्या आतून हात फिरवण्याआधी फडके फिरवायला लावले, कारण रुतलेला खिळा किंवा तार बोट फाडते. टायरमध्ये शंखजिऱ्याची पूड टाकायची, ट्यूब आत सरकवण्यापूर्वी तिच्यात थोडी हवा भरायची म्हणजे ती टायर चढवायच्या लिव्हरखाली चिमटत नाही आणि व्हॉल्व्हचा नट रिमला घट्ट आवळायचा नाही, म्हणजे ट्यूब किंचित सरकली तरी व्हॉल्व्ह मुळातून फाटत नाही. पहिल्या वेळी मी नवी ट्यूब चिमटवून फाडली. आबा काहीच बोलले नाहीत, त्यांनी ती जोडायला माझ्याच हातात दिली. तिसऱ्या वेळी काम पस्तीस मिनिटांत जमले.

त्यानंतर सर्व सामान बांधून आणि भावाला मागे बसवून दोंडाईचा-शहादा मार्गे तोरणमाळला जाऊन यायला त्यांनी सांगितले. जाऊन-येऊन हे अंतर तीनशे किलोमीटरच्या आतबाहेर आहे आणि सात पायरी घाटात भरलेल्या गाडीची खरी परीक्षा होते. मेच्या उन्हात ही फेरी मला अनावश्यक वाटली होती, परंतु तिनेच तीन दोष दाखवले. वजनाने मागची बाजू दबल्यामुळे हेडलाइट झाडांच्या शेंड्यांवर पडत होता. मोकळ्या गाडीवर बेताची ठेवलेली चेन दोघे बसल्यावर ताठ होत होती. उजव्या पिशवीचा कोपरा सायलेन्सरला टेकून मऊ पडला होता. लेहच्या वाटेवर तो नक्कीच जळाला असता. मागचा शॉकअप कडक करून आणि चेन आम्हाला दोघांना बसवून पुन्हा लावून त्यांनी हे सारे तिसऱ्या फेरीत निस्तरले.

पेट्रोलचा हिशेबही त्यांनीच खडूने फरशीवर मांडला. टाकी 15 लिटरची, दोन माणसे आणि सामान धरून लिटरला सरासरी 27 किलोमीटर, म्हणजे चारशेच्या आसपास; मनाली-लेह वाटेवरच्या तांडीच्या पंपावरचा पुढचा पंप 365 किलोमीटरवर असल्याचा फलक प्रसिद्धच आहे, तेव्हा पाच लिटरचा कॅन बरोबर हवाच. टायरच्या हवेबाबत मात्र मी त्यांच्याहून थोडे अधिक वाचले होते. उंचीवर बाहेरचा दाब घटल्याने मोजमापात हवा वाढलेली दिसते आणि थंडीने ती घटते, त्यामुळे धुळ्याच्या 42 अंशांतून तंगलंग ला खिंडीच्या 5,300 मीटरवर पोहोचताना हे दोन परिणाम बरेचसे एकमेकांना फेडतात. रोज सकाळी, टायर थंड असताना मोजून पाहणे एवढेच करावे लागले.

त्याच वाटेवर पांगच्या पुढे मोरेच्या मैदानात मागचे चाक बसले. जवळपास दुकान नव्हते आणि वारा असा होता की पूड हातावरच राहत नव्हती. एवढ्या उंचीवर चार वेळा लिव्हर मारला की बसून श्वास घ्यावा लागत होता, त्यामुळे धुळ्यात पस्तीस मिनिटांत होणाऱ्या कामाला सव्वा तास लागला. तरी ते झाले आणि कोणाची वाट पाहावी लागली नाही.

आता उणिवा. सामानाचा कॅरिअर आबांनी शेजारच्या वेल्डरकडून करून घेतला होता आणि त्याची डावी पट्टी मनाली-लेह वाटेवरच्या जिस्पाजवळ सांध्यात तडकली. पुढचे दोन हजारांहून अधिक किलोमीटर ती दोरीने आवळून काढावे लागले. परतल्यावर आबांनी ती फुकट आणि दुप्पट जाड पट्टी घालून करून दिली, पण हे काम त्यांनी आधी स्वतः तपासायला हवे होते, असे मी त्यांना स्पष्ट सांगितले आणि त्यांनी ते मान्य केले. दिलेली वेळ पाळली जात नाही. मंगळवारी मिळणारी गाडी गुरुवारी मिळाली. पक्के बिल मिळत नाही, हिशेब वहीच्या कागदावर लिहून मिळतो. माझा एकूण खर्च 11,300 रुपये झाला, त्यात तिन्ही फेऱ्यांची मजुरी 2,600 होती.

ज्यांना आदल्या दिवशी गाडी देऊन दुसऱ्या दिवशी निघायचे आहे, त्यांनी येथे जाऊ नये, आबा काम घेत नाहीत. इतरांनी निघण्याच्या पाच आठवडे आधी, सकाळी नऊच्या सुमारास जावे. अकरानंतर महामार्गावरून बंद पडलेल्या गाड्या येऊ लागतात आणि मग त्यांना बोलायला सवड नसते. जुने कपडे घालून जावे.