‘हीरो’ (२०२२): हेडफोन लावूनच पाहा

जळगाव-धुळ्याकडच्या संगीत नाटकाच्या रसिकांनी हा कोरियन चित्रपट जरूर पाहावा, पण मोबाइलच्या स्पीकरवर नको. मुख्य नट जंग संग-ह्वाचं अर्धं काम श्वासात आहे आणि छोट्या स्पीकरवर नेमका तोच हरवतो.

विनोदी नट म्हणून सुरुवात करून तो संगीत रंगभूमीकडे वळला. २००९ साली सोलमध्ये याच नावाच्या संगीतिकेत तो आन जुंग-गुन झाला. २६ ऑक्टोबर १९०९ ला हार्बिन स्थानकात जपानचा माजी पंतप्रधान इतो हिरोबुमीवर गोळ्या झाडणारा कोरियन क्रांतिकारक. चित्रपटातही दिग्दर्शक यून जे-क्युनने ती भूमिका त्यालाच दिली.

बरीच गाणी सेटवरच गायलेली आहेत. नाट्यगृहात शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकावा लागतो. क्लोजअपमध्ये तोच जोर लावला तर जबडा ताणतो, गळ्याच्या शिरा दिसतात आणि भाव मागे पडतो. फाशीच्या प्रसंगातल्या गाण्यात तो सुरुवात जवळजवळ बोलत करतो, पूर्ण आवाज शेवटासाठी राखतो. हे फार अवघड आहे, आणि त्याला साधलंय. आनच्या आईच्या भूमिकेतल्या ना मून-हीचा गाताना कापणारा आवाजही तसाच ठेवलाय, बरं केलं.

मधले विनोद आणि पाठलाग मात्र लांबलेत. उपशीर्षकं सुरू ठेवा. गाण्यांतूनच कथा पुढे सरकते.