मिनी लेथ, टाकाऊ लाकूड आणि झाकणाचा चंबू: नऊ महिन्यांनंतर

आधी पैशांचं बोलतो. लेथ, म्हणजे लाकूड फिरवत ठेवून पटाशीने गोल कापायचं मशीन, 27,000 रुपयांना पडलं. त्यावर लाकूड पकडणारा चार जबड्यांचा चक, पटाश्यांचा संच आणि धारेसाठी सावकाश फिरणारा ग्राइंडर मिळून आणखी 15,000. दुकानदार हा दुसरा आकडा सांगत नाही. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण बिडाचं हेच मशीन तीन-चार रंगांत, तीन-चार नावांनी मिळतं.

अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर, 8 इंच व्यासाचं लाकूड फिरेल एवढी जागा, दोन टोकांमध्ये 12 इंच. आमच्या चिपळूणच्या घरातल्या जुन्या टेबलावर ठेवलं तर वाकडा ठोकळा फिरताना टेबलच चालायला लागायचं. खालच्या फळीवर जांभ्याचे दोन चिरे ठेवले आणि थरथर थांबली. फुकटातला सगळ्यात चांगला उपाय.

लाकूड विकत घेतलेलं नाही. मागची पडवी पाडली तेव्हाची सागाची चौकट होती, आणि सुताराकडे फणसाचे कटपीस पडलेले असतात. चौकटीवर आधी लोहचुंबक फिरवा. मी नाही फिरवला, एक खिळा निघाला आणि नव्या पटाशीची धार दातरी झाली. सागात वाळूसारखा अंश असतो, त्यामुळे धार तशीही लवकर जाते; दर दहा-पंधरा मिनिटांनी ग्राइंडरकडे उठावं लागतं. सागाच्या भुश्याने मला शिंका येतात, तेव्हा मास्क हवाच. फणस मात्र लोण्यासारखा कापला जातो, आणि ताज्या ढलप्या हळदीसारख्या पिवळ्या. सागाला तेल असतं म्हणून फणसाशी चिकटवायच्या आधी थिनरने पुसायचं, मग फेविकॉल लावून रात्रभर शिकंज्यात.

आता पोखरण्याबद्दल. बाहेरून गोल करणं चार दिवसांत जमतं, खरी परीक्षा आतून. मी लाकडाची रेषा उभी ठेवतो, म्हणजे चंबूच्या उंचीच्या दिशेने. टेलस्टॉकमध्ये, म्हणजे चकसमोरच्या सरकत्या टोकात, जाड बिट लावून मधोमध भोक पाडायचं आणि तिथून कडेकडे कापत जायचं. तोंड अरुंद असलं की आतलं दिसत नाही, कानावर काम चालतं. भिंत पातळ व्हायला लागली की आवाज चढतो. पटाशी टूल रेस्टच्या (ती टेकवायच्या पट्टीच्या) फार पुढे गेली की ती नाचते, एखादवेळी अडकते. माझा एक ठोकळा चकमधून सुटून थेट खिडकीच्या गजावर गेला. तोंडावर शील्ड होती.

पहिल्या चंबूची खोली मी तळाखालच्या, चकमध्ये धरलेल्या खुंटीसकट मोजली. शेवटी खुंटी कापली तर तिच्याबरोबर तळही गेला. आईने शांतपणे विचारलं, ‘नरसाळं केलंस होय?’ त्यातून ती अजून बरणीत रवा ओतते.

मशीनबद्दल मुख्य तक्रार स्विचची. साधा खटका आहे. वीज गेली आणि खटका चालूच राहिला, की वीज आल्यावर मशीन आपोआप सुरू होतं. आमच्याकडे पावसात वीज किती वेळा जाते हे सांगायला नको. इलेक्ट्रिशियनकडून वेगळा स्टार्टर बसवून घेतला; वीज गेली की तो बंद पडतो आणि बटण दाबल्याशिवाय मशीन चालत नाही. कारखान्यातूनच यायला हवा होता. वेग बदलायला पट्टा हाताने सरकवावा लागतो, त्याची सवय होते. बेअरिंग अजून गप्प आहेत.

एप्रिलमध्ये केलेला झाकणाचा चंबू आई सुपारीला वापरते. बाहेरून लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबून वितळवली होती, ती चकाकी तशीच आहे. आत जवसाचं तेल लावलं, ती चूक. आषाढात पांढुरकी बुरशी आली. सगळं घासून, स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडी लाख लावली, त्यानंतर त्रास नाही. सांधा एकही सुटला नाही, पण साग आणि फणस सारखे फुगत नाहीत. सांध्यावरून नख फिरवलं तर बारीक पायरी लागते. एका चंबूत एकच लाकूड वापरा, नाहीतर ती पायरी चालवून घ्या.

झाकणाने जास्त छळलं. एप्रिलमध्ये ‘टक्’ आवाज करत बसणारं झाकण जुलैत निघेना. फळीतून कापलेलं झाकण रेषेच्या आडव्या बाजूने फुगतं, लांबीच्या बाजूने जवळजवळ नाही, म्हणून ते किंचित लंबगोल होतं. चंबूचं तोंडही थोडं लंबगोल झालेलं. मी झाकण पॉलिश पेपरने घासलं आणि आता नोव्हेंबरात ते सैल पडतंय. घासायला नको होतं, फिरवून बघायला हवं होतं. आईला हे माझ्याआधी कळलं. तिने झाकणावर आणि काठावर पेन्सिलने एकेक रेघ मारून ठेवली आहे. रेघा समोरासमोर आल्या की अजूनही बऱ्यापैकी घट्ट बसतं.