महसुलात वाटा की माणशी शुल्क? विमानतळ खासगी कंपनीकडे देताना

विमानतळाच्या निविदेत शेवटी एकच आकडा जिंकतो. तो कशावर मोजायचा, हे मात्र निविदा काढणाऱ्याला आधी ठरवावं लागतं. भारतात दोन पद्धती रुळल्या आहेत. एकीत कंपनी एकूण महसुलाचा ठरलेला टक्का देते, दुसरीत प्रत्येक प्रवाशामागे ठरलेले रुपये. पुरंदरसारखा नवा विमानतळ असो की हाती असलेला जुना, हा निर्णय तीस ते पन्नास वर्षं बदलता येत नाही.

टक्क्यावर गेलेले विमानतळ: दिल्ली (२००६, जीएमआर) ४५.९९, मुंबई (२००६, तेव्हा जीव्हीके, २०२१पासून अदानी) ३८.७, गोव्यातलं मोपा ३६.९९, नागपूर १४.४९, नवी मुंबई १२.६०. माणशी शुल्कावर २०१९ मध्ये सहा विमानतळ गेले आणि ते सगळे अदानींनी ५० वर्षांसाठी घेतले: अहमदाबाद १७७ रुपये, जयपूर १७४, लखनौ १७१, तिरुअनंतपुरम १६८, गुवाहाटी १६०, मंगळुरू ११५. त्याच वर्षी दिल्लीजवळच्या जेवरमधल्या नव्या विमानतळासाठी झुरिच विमानतळाच्या कंपनीने ४००.९७ रुपयांची बोली लावली.

दिल्लीचे ४६ आणि नवी मुंबईचे साडेबारा शेजारी ठेवून नवी मुंबईची निविदा काढणारी सिडको फसली, असं कुणी म्हणत असेल तर ऐकू नका. दिल्लीत पहिल्या दिवशीच प्रवासी होते. नवी मुंबईत उलव्याची टेकडी कापून, नदीचा प्रवाह वळवून, भराव घालून मग धावपट्टी झाली. रिकाम्या जमिनीवर टक्का कमीच येतो.

दोन पद्धतींची तुलना करायची तर प्रवाशामागचा महसूल काढा. माणशी शुल्क १७० रुपये आणि वाटा १४.४९ टक्के असेल, तर दोन्ही सारखे पडायला प्रवाशामागे सुमारे १,१७३ रुपये महसूल हवा. वाटा ३६.९९ टक्के असेल तर ४६० रुपये पुरतात. देशांतर्गत प्रवासीच जास्त असलेल्या शहरात ११७३ गाठणं अवघड. ड्युटी फ्री, मालवाहतूक आणि हॉटेलांची जमीन असेल तर गणित बदलतं.

टक्क्याची पहिली अडचण गळतीची. दिल्ली-मुंबईच्या करारात वाटा लागतो तो विमानतळ कंपनीच्या महसुलावर. दुकानं, मालवाहतूक, वाहनतळ तिने दुसऱ्या कंपनीला चालवायला दिले, तर त्या कंपनीची विक्री हिशेबात येत नाही, तिने विमानतळ कंपनीला दिलेली रक्कम तेवढी येते. दुसऱ्या कंपनीत पहिलीचाच हिस्सा असेल, तर ही रक्कम किती ठेवायची हे कोण ठरवणार? संबंधित कंपन्यांच्या बाबतीत त्यांची विक्रीच मोजायची, असं कलम मसुद्यात हवं. ते राबवायला स्वतंत्र लेखापरीक्षक आणि वर्षभर कागद तपासणारी माणसं लागतात. मोठ्या प्राधिकरणाला हे जमतं, चार अधिकाऱ्यांच्या छोट्या सरकारी कंपनीला नाही.

प्रवासी मोजणं सोपं, तरी व्याख्या नीट लिहा: तान्ही मुलं, विमानातून न उतरणारे आणि विमान बदलणारे धरायचे की नाही, धरले तर एकदा की दोनदा. शुल्क महागाई निर्देशांकाशी बांधा. पाच टक्के महागाईत न वाढवलेल्या १७० रुपयांची किंमत वीस वर्षांनी आजच्या ६४ रुपयांइतकी उरते.

विस्ताराच्या बाबतीत फरक जास्त बोचतो. विमानतळाने विमान कंपन्यांकडून आणि प्रवाशांकडून किती दर घ्यायचे, हे नियामक ‘एरा’ पाच-पाच वर्षांसाठी ठरवते. मालमत्तेवरचा परतावा, घसारा, चालू खर्च आणि कर यांची बेरीज करून त्यातून विमानसेवेबाहेरच्या उत्पन्नातला ३० टक्के भाग वजा होतो. दिल्ली-मुंबईत किंवा २०१९च्या सहा करारांत सरकारला दिलेले पैसे खर्च म्हणून धरले जात नाहीत. म्हणून मुंबईत नव्या टॅक्सीवेवर (विमानांना धावपट्टीपर्यंत नेणाऱ्या मार्गावर) मिळणाऱ्या प्रत्येक रुपयातले जवळजवळ ३९ पैसे आधीच गेलेले असतात, आणि कंपनीला असं काम लांबवण्यात रस वाटतो. माणशी शुल्कात जादा रुपया पूर्ण कंपनीकडे राहतो, त्यामुळे भीती उलटी असते: गरजेपेक्षा मोठं बांधायचं, परतावा दरातून वसूल करायचा. त्यावर उपाय म्हणजे विमान कंपन्यांशी आधी सल्लामसलत आणि स्वतंत्र अभियंत्याकडून खर्चाची तपासणी. पैसे कमी पडले तर ते प्रवाशाच्या खिशातून येतात, हे २००९ मध्ये दिल्लीत दिसलं. तिथे देशांतर्गत प्रवाशाला २०० आणि आंतरराष्ट्रीय प्रवाशाला १,३०० रुपये विकास शुल्क लागलं.

दोन्ही पद्धतींत विस्तार तारखेला नव्हे, गर्दीला बांधावा. जेवरमध्ये पहिल्या टप्प्याची क्षमता वर्षाला १.२ कोटी प्रवाशांची आहे आणि ती ८० टक्के भरली की पुढचा टप्पा सुरू करायचा आहे.

प्रवासी घटले तर दोन्हींत देणं आपोआप कमी होतं. ठरावीक रकमेची बोली मात्र टाळाच. रिओच्या गालेआंव विमानतळासाठी २०१३ मध्ये १९ अब्ज रेआलची (ब्राझीलचं चलन) बोली लागली, मग ब्राझीलमध्ये मंदी आली आणि २०२२ मध्ये कंपनीने विमानतळ परत करायला काढला. टक्क्यातही वाद होतात. कोविडच्या काळातला वाटा दिल्लीच्या कंपनीने थांबवला, प्रकरण लवादापुढे गेलं आणि मार्च २०२० ते फेब्रुवारी २०२२ची माफी तिला मिळाली. साथ, युद्ध, हवाईबंदी यांत देणं किती काळ आणि कोणत्या प्रमाणात थांबेल, हे आधीच लिहा.

थोडक्यात निवड: मोठी जमीन, परदेशी प्रवासी आणि पक्की लेखापरीक्षणाची व्यवस्था असेल तर टक्का. मध्यम शहर, देशांतर्गत प्रवासी आणि छोटं कार्यालय असेल तर माणशी शुल्क.

आणि बोली उघडल्यावर घासाघीस नको. नागपुरात ५.७६ टक्क्यांची बोली वाटाघाटीने १४.४९ वर नेली, २०२० मध्ये प्रक्रियाच रद्द केली, ती रद्द करणं सर्वोच्च न्यायालयातही टिकलं नाही आणि करारावर सह्या झाल्या ऑक्टोबर २०२४ मध्ये. किमान आकडा हवा असेल तर तो निविदेच्या पहिल्या पानावर छापा.