एचडीआरआयच्या उसन्या प्रकाशावर काढलेले आठ महिने

घोडबंदर रस्त्यावरच्या सदनिकांची अंतर्गत सजावट काम सुरू होण्यापूर्वी चित्रांतून दाखवणे हा माझा व्यवसाय आहे. ब्लेंडर या त्रिमिती चित्रांच्या सॉफ्टवेअरमधील सायकल्स हे चित्र-इंजिन प्रकाशकिरणांचा माग काढत चित्र घडवते आणि त्यासाठी माझ्या संगणकाला एका स्वयंपाकघरामागे वीस-पंचवीस मिनिटे लागत. म्हणून गेले आठ महिने मी ईव्ही हे ब्लेंडरमधलेच झटपट चित्र देणारे इंजिन आणि एचडीआरआय, म्हणजे भोवतालाचा गडद ते झगझगीत सारा उजेड साठवणारे चौफेर चित्र किंवा ‘नकाशा’, यांवरच बहुतेक काम केले.

भोवतालाचे चित्र वस्तूवर प्रतिबिंब म्हणून उमटवण्याची युक्ती ब्लिन आणि न्यूएल या संगणक-चित्रणाच्या संशोधकांनी १९७६ मध्येच मांडली होती. याच क्षेत्रातल्या डेबेवेक यांनी १९९८ मध्ये चकचकीत गोळ्याच्या छायाचित्रांतून टिपलेला खरा प्रकाश कृत्रिम वस्तूंवर पाडून दाखवला.

सुरुवातीला परदेशी आकाशांचे तयार नकाशे वापरले, पण त्या प्रकाशात ठाण्यातले घर परकेच वाटे. अखेर जुलैमधल्या एका ढगाळ दुपारी आमच्या गच्चीवरून, येऊरच्या डोंगरासह, प्रत्येक दिशेला सात वेगवेगळी एक्स्पोजर (कमी-जास्त प्रकाश घेणारी छायाचित्रे) घेऊन स्वतःचा नकाशा तयार केला, आणि पावसाळ्यात दिवाणखान्यात उतरतो तो मऊ, करडा उजेड चित्रात आला तेव्हा मला मनापासून आनंद झाला. ऑक्टोबरच्या उन्हात मात्र सर्वांत कमी एक्स्पोजरमध्येही सूर्य पांढराफटक आला, त्याची खरी तीव्रता नोंदली गेली नाही आणि सावल्या फिक्या पडल्या. तेव्हापासून सूर्याच्या जागी वेगळा सन लॅम्प, म्हणजे ब्लेंडरमधला सूर्यासारखा दिवा, लावतो.

खरी परीक्षा प्रतिबिंबांची असते. नकाशा भोवताल अनंत अंतरावर आहे असे मानतो, त्यामुळे ओट्याच्या काळ्या ग्रॅनाइटमध्ये समोरच्या भिंतीऐवजी आकाश दिसू लागते. मांडणीवरचे स्टीलचे डबे मात्र सहज खपून जातात, कारण वक्र पृष्ठभाग चौफेर दिशांचे भोवताल आक्रसून दाखवतो आणि त्यातली चूक डोळ्याला पकडता येत नाही. सपाट पृष्ठभागावर नकाशाचा लहानसा तुकडाच ताणला जातो. खोलीच्या मापाचा रिफ्लेक्शन प्रोब, म्हणजे खोलीच्या आतूनच प्रतिबिंब टिपणारी सोय, बसवल्यावर ओटा बऱ्यापैकी सावरला. काच समोरून पाहिली तर एका पृष्ठभागावरून जेमतेम ४ टक्के प्रकाश परततो, तिरक्या नजरेला मात्र ती जवळजवळ आरसाच होते; हा फरक ठेवला नाही, तर उत्तम नकाशाही खिडकीला प्लास्टिकची कळा आणतो.

ड्रेसिंग टेबलचा आरसा असलेली चित्रे मी आजही सायकल्सवरच करतो, कारण तिथे गिऱ्हाईक आधी आरशातच पाहते.