तेवीस हजारांची पिवळी पुस्तिका

आमची लेक नैरोबीत असते. चतुर्थी झाली की या, तेव्हा मसाई मारात नदी ओलांडणारे कळप दिसतात, असं दोन वर्षं सांगत होती. यंदा ह्यांनी मनावर घेतलं. निवृत्त झाल्यापासून हे पैन् पैचा हिशेब वहीत लिहितात, तसा या प्रवासाचाही लिहिला. तिकीट, विमा, लेकीसाठी काजू आणि आमसुलं, सगळं आलं. लसींपुढची जागा मात्र कोरी होती. किती लागतील, कुठे मिळतात, आम्हाला काहीच ठाऊक नव्हतं.

फोंड्याच्या बाजारात ज्याच्याकडे तिकीट काढलं, त्यानेच ती जागा भरून दिली. "बाई, आफ्रिकेला चार इंजेक्शनं कंपल्सरी. सरकारी ठिकाणी नंबर लागता लागत नाही. आमचा माणूस घरी येईल, मलेरियाच्या गोळ्याही त्यातच." माणशी ११,५००. दोघांचे २३,०००. लेकीला विचारायला हवं होतं, पण ती म्हणणार, मी भरते. म्हणून विचारलं नाही. मास्तरकीत आयुष्य गेलं, मुलांना "आधी प्रश्न नीट वाचा" सांगत आले, आणि स्वतः मात्र न वाचताच उत्तर लिहिलं.

माणूस आला तो स्वच्छ कपड्यांत, गोड बोलणारा. खांद्यावरच्या पिशवीतून त्याने भरून आणलेल्या सिरिंजा काढल्या. पिवळ्या तापाची, टायफॉइडची, मेंदूज्वराची (मेनिंजायटिसची), काविळीची. दोन या दंडावर, दोन त्या. ह्यांचं वय त्रेसष्ट, साखरेची गोळी रोज, पण त्याने ना वय विचारलं ना औषधं. पैसे फोनवरून पाठवले, तेव्हा समोर कुणा बाईचं नाव आलं. "मिसेसचं खातं आहे," म्हणाला. पावती नंतर देतो म्हणाला, ती आजपर्यंत यायची आहे. लस घेतल्याचं प्रमाणपत्र म्हणून पिवळ्या पुस्तिका मात्र लगेच दिल्या, शिक्क्यासकट.

माझा भाचा बोटीवर असतो. चतुर्थीला सुट्टी काढून आला होता. माटोळीखाली, म्हणजे गणपतीपुढे टांगलेल्या फळापानांच्या मांडवीखाली बसून नेवऱ्या (करंज्या) खाता खाता त्याने सहज पुस्तिका उघडली आणि खायचा थांबला. "मावशे, तुका फटयलें गो." मावशी, तुला फसवलं गं.

त्याने आपली पुस्तिका आणून शेजारी ठेवली. त्याच्या पुस्तिकेवर मुरगाव बंदराच्या आरोग्य कार्यालयाचा शिक्का, लसीचा बॅच क्रमांक, आणि टोचल्यापासून दहा दिवसांनी सुरू होणारी तारीख. माझ्या पुस्तिकेत बॅचच्या जागी नुसती रेघ. मुदत टोचल्या दिवसापासूनच सुरू, आणि पुढे "१० वर्षे". दहा वर्षांच्या मुदतीचा नियम २०१६ च्या जुलैमध्येच रद्द झाला. तेव्हापासून हे प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. छापणाऱ्याने जुनाच नमुना उतरवला असणार. शिक्का कुठल्यातरी 'वेलनेस सेंटर'चा होता. पिवळ्या तापाची लस केंद्र सरकारने नेमलेल्या केंद्रांतच मिळते, हे भाच्याने सांगितलं तेव्हा कळलं.

त्या रात्री मला पैशांची आठवणही झाली नाही. सुईत काय होतं, हाच विचार. पाणी? की आधी दुसऱ्या कुणाला टोचलेली सुई? दुसऱ्या दिवशी सणाचं जेवण तसंच ठेवून आम्ही एचआयव्ही आणि रक्तातून पसरणाऱ्या दोन्ही काविळींच्या (बी आणि सी) तपासण्या करून आलो. सगळं निर्मळ निघालं, तरी तीन महिन्यांनी पुन्हा करायला सांगितलंय. हा खर्च वहीत कुठल्या सदराखाली मांडायचा, ते ह्यांना अजून सुचलेलं नाही.

मग वास्कोला, मुरगाव बंदराच्या त्या आरोग्य कार्यालयात गेलो. तिथल्या डॉक्टरांनी आधी वयं विचारली, अंड्याची ॲलर्जी आहे का ते विचारलं, चालू औषधं लिहून घेतली. ही जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूची लस, साठीपुढे क्वचित का होईना पण जास्त त्रास देऊ शकते. म्हणून ह्यांना आमच्या नेहमीच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणायला परत पाठवलं. तेव्हा मला राग आला, आज वाटतं बरं झालं. लसही समोर बनवली. कुपीत कोरडी भुकटी, त्यात द्रव मिसळायचा. एका कुपीत अनेकांचे डोस, आणि मिसळली की काही तासांत वापरायची, नाहीतर फेकायची. म्हणून ठरलेल्या दिवशीच देतात. घरी येणाऱ्याच्या पिशवीतल्या भरलेल्या सिरिंजांचा अर्थ मला तिथे बाकावर बसल्या बसल्या लागला. आमच्याकडून माणशी ३०० रुपये घेतले.

आणि ते "चार कंपल्सरी"? कागद मागतात तो फक्त पिवळ्या तापाचा. तोही केनियाहून परत येताना आपलंच सरकार मागतं. नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात. मेंदूज्वराची लस सौदी सरकार हजला जाणाऱ्यांना सक्तीची करतं, ती त्याने आम्हाला चिकटवली. टायफॉइड आणि काविळीची घेणं चांगलंच, पण सक्ती नाही.

गोळ्यांची गोष्ट वेगळीच. त्याने दिलेल्या क्लोरोक्विनच्या होत्या. आम्हालाही खटकलं नाही, कारण गोव्यात मलेरिया आणि क्लोरोक्विन ही जोडी आमच्या पिढीच्या डोक्यात घट्ट आहे. पणजीत बांधकामं वाढली तसा तो ताप पसरला होता, मजुरांना अजून आरोग्य कार्डं काढावी लागतात. पण आफ्रिकेतला मलेरिया बहुतेक फाल्सिपेरम या जातीच्या जंतूचा, आणि त्याला ही गोळी कधीची लागू पडत नाही. आमच्या डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लिन लिहून दिली. रोज एक, निघायच्या दोन दिवस आधीपासून, आल्यावर चार आठवडे. जेवणावर, भरपूर पाण्याबरोबर, घेतल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही, उन्हात टोपी. स्वस्त औषध आहे. त्याने या जागी माणशी २,४०० लावले होते.

दहा दिवस भरावे म्हणून तिकीट पुढे ढकललं, त्याचा भुर्दंड वेगळा. तिकीटवाला म्हणाला, तो माणूस माझा नव्हेच, मी फक्त नंबर दिला. बराच तगादा लावल्यावर ९,००० हातावर टेकवले, तेही "तुमच्या समाधानासाठी". पोलिसांत लेखी तक्रार दिली आहे. पावती नाही म्हणून त्यांनीही तोंड वाकडं केलं, पण फोनवरचा पैशांचा व्यवहार आणि खोट्या पुस्तिका ठेवून घेतल्या.

कळप दिसले. लेकीने ऐकल्यावर आम्हाला जे सुनावलं, ते इथे लिहीत नाही. परतताना मुंबईला आरोग्य कर्मचाऱ्याने पुस्तिका अर्धा मिनिट पाहिली, शिक्क्यावर बोट फिरवलं आणि पुढे जा म्हणाला. डॉक्सीच्या अजून अकरा गोळ्या उरल्यात. पोलिसांचा फोन आलेला नाही.