सुडो: रूटचा अधिकार वाटून देणारे जुने साधन

लिनक्स किंवा युनिक्सवर ‘परवानगी नाही’ असे उत्तर आले की कमांडच्या आधी लावायचा शब्द, एवढीच ‘सुडो’ची ओळख बहुतेकांना असते. काही वर्षे सर्व्हर सांभाळताना ते रोज वापरल्यावर माझे मत असे झाले आहे की रूटचा, म्हणजे संगणकावर काहीही करू शकणाऱ्या मुख्य खात्याचा, अधिकार मिळवून देणे हे त्याचे लहान काम आहे. तो अधिकार तुकड्यांत वाटणे आणि कोणी काय केले याची नोंद ठेवणे, हे मोठे. ‘सुडो सु’ करून (‘सु’ ही दुसऱ्या खात्यात शिरण्याची कमांड) दिवसभर रूट म्हणून वावरणारे हे मोठे कामच बंद पाडतात, कारण मग लॉगमध्ये एकच ओळ उरते.

१९८० च्या सुमारास अमेरिकेतील बफेलो येथील विद्यापीठात बॉब कॉगशॉल आणि क्लिफ स्पेन्सर यांनी सुडो लिहिले. नुसते ‘सु’ वापरायचे तर रूटचा पासवर्ड अनेकांना सांगावा लागतो आणि एक जण काम सोडून गेला की तो सर्वांसाठी बदलावा लागतो; सुडो मात्र सहसा ज्याचा त्यालाच पासवर्ड विचारते, त्यामुळे नियमांतून एक ओळ काढली की भागते.

माझी तक्रार आहे ती नियमांच्या भाषेबद्दल. एकाच कमांडला अनेक नियम लागू पडत असतील तर शेवटचा ग्राह्य धरला जातो, म्हणून वर घातलेली मनाई खालच्या एका सैल ओळीने फुकट जाते. नियमांच्या फाइलींसाठी असलेल्या ‘सुडोअर्स.डी’ डिरेक्टरीत मी ठेवलेल्या एका फाइलच्या नावात टिंब होते. अशी फाइल सुडो मुकाट्याने वगळते, हे कळेपर्यंत माझा अर्धा दिवस गेला. नियमांची फाइल संपादित करण्याचे ‘व्हिसुडो’ हे साधन व्याकरण तपासते, पण अर्थातली चूक त्याला दिसत नाही: एखाद्याला रूट म्हणून केवळ ‘व्हिम’ चालवू दिले, तरी त्या एडिटरमधूनच तो रूटचे शेल, म्हणजे हवी ती कमांड देण्याची जागा, उघडू शकतो. अशा ठिकाणी ‘सुडोएडिट’ द्यावे, कारण त्यात एडिटर वापरकर्त्याच्याच अधिकाराने फाइलच्या प्रतीवर चालतो.

इतक्या सोयींचा भार सुरक्षिततेवरही पडतो. जानेवारी २०२१ मध्ये उघड झालेला सुडोमधला एक दोष २०११ पासून कोडमध्ये होता आणि नियमांत नाव नसलेल्या स्थानिक वापरकर्त्यालाही त्यातून रूट होता येत होते. एकट्याच्या लॅपटॉपला २०१५ मध्ये ओपनबीएसडी या युनिक्सच्या घराण्यातल्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये आलेले, सुडोचेच काम करणारे साधे ‘डूअ‍ॅस’ पुरते; त्याची नियमांची फाइल एका ओळीतही संपते. अनेकांचा वावर असलेल्या सर्व्हरवर मात्र मी अजूनही सुडोच ठेवतो आणि प्रत्येक बदलानंतर ‘सुडो -एल’ चालवून कोणाच्या पदरात नेमके काय पडले ते पाहतो.