छोट्या डोंगराचा सीझन पास: अख्खा हिवाळा वापरल्यावर

आधीच सांगून टाकतो, लिफ्ट चालू असेल त्या दिवशी या सीझन पासला, म्हणजे अख्ख्या हिवाळ्याच्या स्कीइंगच्या एकाच तिकिटाला, तोड नाही. पण ती चालू असणार का, आणि पुढच्या हिवाळ्यात डोंगर तरी उघडणार का, हे आज तिथल्या मालकालाही सांगता येत नाहीये. त्यामुळे हा रिव्ह्यू अर्धा स्कीइंगचा आणि अर्धा पैशाचा होणारे, चालवून घ्या.

डोंगर न्यू इंग्लंडमधला (अमेरिकेचा ईशान्य कोपरा), खाजगी मालकीचा, एकाच घराण्याने बरीच वर्षं चालवलेला. नाव मुद्दाम टाकत नाही कारण विक्रीची बोलणी चालू आहेत असं सगळेच म्हणतायत आणि माझ्या बडबडीने कुणाचा सौदा फिसकटायला नको. दोन जुन्या चेअरलिफ्ट, एक टी-बार (उलट्या T सारख्या दांड्याला टेकून बर्फावरून वर ओढत नेणारी लिफ्ट), वरपासून खालपर्यंत उतार साधारण हजार फुटांचा, एक लॉज, बस्स. पास घेतला मागच्या वसंतात, अर्ली बर्डमध्ये (लवकर घेणाऱ्यांच्या सवलतीत), मोठ्या कंपन्यांच्या पासपेक्षा बऱ्यापैकी स्वस्त पडला. मी स्कीवाला, बायको स्नोबोर्डवाली, लेक स्की स्कूलमध्ये.

चांगलं आधी. गर्दी नाही. शनिवारी सकाळीसुद्धा गाडी लॉजच्या दारापाशी लागते, बूट घालून पाच मिनिटांत तुम्ही चेअरवर, मोठ्या रिसॉर्टमध्ये तेवढ्या वेळात पार्किंगची शटल पण येत नाही. ट्रेल, म्हणजे स्कीने उतरायच्या वाटा, जुन्या पद्धतीने कापलेले, अरुंद, वळणावळणाचे, झाडांच्या कडेकडेने जाणारे, मोठ्या ठिकाणी सगळं बुलडोझरने हायवेसारखं रुंद करून ठेवलेलं असतं तसं इथे नाही. स्की पेट्रोलवाले लेकीला नावाने ओळखतात. ती हिवाळ्याच्या सुरुवातीला बनी स्लोपवर (नवशिक्यांच्या उतारावर) रडत होती आणि मार्चमध्ये मला मागे टाकून खाली जाऊन चॉकलेट पीत बसलेली असायची, तिच्या इन्स्ट्रक्टर बाईंना शंभरपैकी शंभर.

आता लिफ्ट. मेन चेअर दोन माणसांची, मधे लोखंडी दांडा, बसायला लाकडी फळ्या, त्यातली एखादी नवीन पिवळीधम्मक आणि बाकीच्या काळ्या पडलेल्या, म्हणजे कुठली कधी बदलली ते बसल्या बसल्या वाचता येतं. अटेंडंट प्रत्येक चेअर हाताने धरून मागे ओढतो, नाहीतर ती थेट पोटरीवर आदळते. वाऱ्यात थांबते, लहान मुलं चढताना थांबते, आणि काही वेळा कशासाठी थांबली ते कळतच नाही, तुम्ही आपले दरीच्या वर लटकून दुसऱ्या टॉवरवरच्या चाकांकडे बघत बसायचं. जानेवारीत एका लांब वीकेंडला, म्हणजे वर्षातल्या खऱ्या कमाईच्या दिवसांत, मेन चेअर गिअरबॉक्समुळे बंद पडली ती पुढच्या आठवड्यापर्यंत. सगळी जनता टी-बारवर.

हे समजून घेण्यासारखं आहे, कारण छोट्या डोंगरांचं दुखणं बहुतेक वेळा इथेच असतं. त्या काळातल्या लिफ्ट बनवणाऱ्या हॉल, बोरविग, रिब्लेट या कंपन्या आता नाहीत, रिब्लेटने २००३ मध्ये गाशा गुंडाळला. पार्ट हवा असेल तर बंद पडलेल्या दुसऱ्या डोंगरावरून उचलून आणायचा नाहीतर कारखान्यात एकेक घडवून घ्यायचा. लिफ्टला राज्याची तपासणी असते, दोराची चाचणी असते, त्यात सूट नाही आणि नसावीच. नवीन फिक्स्ड (साधी, संथ प्रकारची) चेअर बसवायची तरी काही मिलियन डॉलरची गोष्ट. हॉटडॉग आणि कोको विकून ते पैसे निघत नाहीत.

मेन राज्यातल्या सॅडलबॅक या स्की डोंगराचं नेमकं हेच झालं. २०१५ मध्ये मालकांनी सांगितलं की मुख्य जुनी डबल चेअर बदलायला पैसे उभे राहिले नाहीत तर उघडता येणार नाही, आणि खरंच उघडलं नाही, सलग पाच हिवाळे. मधे २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातला एक खरेदीदार वाजतगाजत जाहीर झाला, तो सौदा कधी पुराच झाला नाही. शेवटी २०२० च्या सुरुवातीला आर्कटॅरिस नावाच्या फंडाने घेतलं, नवी हायस्पीड चेअर टाकली आणि त्या डिसेंबरात डोंगर सुरू झाला. गोष्ट गोड झाली खरी, पण पाच वर्षं त्या गावातल्या मोटेलवाल्याने काय खाल्लं असेल याचा विचार करा.

स्नोमेकिंगबद्दल, म्हणजे यंत्राने बर्फ करण्याबद्दल, थोडं. बर्फ पाडायला नुसती थंडी पुरत नाही, हवेतला ओलावा धरून येणारं वेट बल्ब तापमान साधारण २८ फॅरनहाइटच्या खाली लागतं. एक एकरावर फूटभर बर्फ करायचा तर पाणी लागतं दीड ते दोन लाख गॅलनच्या घरात. म्हणजे तळं हवं, पंप हवेत, कॉम्प्रेसर हवेत, वीज किंवा डिझेल हवं, आणि ओढ्यातून किती उपसा करायचा त्यालाही मर्यादा. मोठ्या कंपन्यांकडे कमी हवा खाणाऱ्या, बर्फ उडवणाऱ्या नव्या गन आहेत, थंडीची एक रात्र मिळाली तरी त्या धडाधडा काम उरकतात. आमच्याकडे जुन्या गन, जेट विमानासारख्या किंचाळणाऱ्या, एका वेळी जेमतेम दोन ट्रेलवर चालतील एवढीच हवा. डिसेंबरात पाऊस पडला की केलेलं सगळं वाहून जातं आणि बिल तेवढं मागे राहतं. नाताळच्या सुट्टीत वरून खाली एकच पट्टा उघडा होता, दोन्ही बाजूंना गवत.

फेब्रुवारीत मालकांचा ईमेल आला. भाषा चांगली होती, प्रामाणिक वाटली. हा सीझन पूर्ण करू, पुढच्याबद्दल पर्याय तपासतोय, तुमच्या प्रेमाबद्दल आभार. आणि त्याच ईमेलच्या खाली, पुढच्या वर्षाच्या पासचा अर्ली बर्ड लवकरच सुरू होतोय! हे वाचून मला आधी हसू आलं आणि मग हिशेब डोक्यात आला. वसंतात विकलेल्या पासचे पैसे म्हणजे या डोंगराला उन्हाळाभर तगवणारं बिनव्याजी कर्ज असतं, आणि देणारे आपण. बँकेने डोंगर, लिफ्ट, ग्रूमर (बर्फ सपाट करणारी गाडी) सगळं तारण ठेवून घेतलेलं असतं, आपल्याकडे फोटो चिकटवलेलं प्लास्टिकचं कार्ड. उद्या दिवाळं निघालं तर तारणवाले आधी, सरकारचा टॅक्स असतोच, आणि ग्राहकांच्या अशा आगाऊ पैशांना अमेरिकन कायद्यात ठरावीक रकमेपर्यंत थोडं प्राधान्य असलं तरी तारण विकून काही उरलं तरच ते कामाचं. म्हणून डेबिट कार्डाने किंवा चेकने पास घेऊ नका, क्रेडिट कार्डाने घ्या, सेवा मिळालीच नाही तर निदान बँकेकडे तक्रार करायला जागा राहते.

बरं, हे सगळे आळशी किंवा मूर्ख आहेत म्हणून झालंय असं नाही. व्हेल (Vail) या बड्या स्की कंपनीने २००८ मध्ये एपिक पास काढला, अनेक रिसॉर्टांचा मिळून एकच, ५७९ डॉलरला, त्या काळात एकेका रिसॉर्टचा पास त्याच्या दुप्पट-तिप्पट असायचा. २०१८ मध्ये आयकॉन हा तसाच प्रतिस्पर्धी पास आला. तेव्हापासून खेळच बदलला, हिवाळा सुरू व्हायच्या आधी पैसे खिशात, मग पाऊस पडो नाहीतर धुकं. व्हेलने २०१९ मध्ये पीक रिसॉर्ट्स ही कंपनी घेतली तेव्हा एका फटक्यात १७ डोंगर आले, माउंट स्नो, ॲटिटॅश, वाइल्डकॅट वगैरे. कोलोरॅडोतला बर्फ आणि न्यू हॅम्पशायरचा पाऊस एकाच वहीत बेरीज-वजाबाकी होतो. एकट्या डोंगराची वही एकटी.

आणि विमा. व्हरमाँटमध्ये १९७७ मध्ये संडे नावाच्या तरुणाच्या केसमध्ये ज्युरीने स्ट्रॅटन या स्की रिसॉर्टविरुद्ध पंधरा लाख डॉलरची भरपाई दिली, नवशिक्यांच्या ट्रेलवर झुडपात अडकून तो पडला होता आणि अपंग झाला. विम्याचे हप्ते असे उसळले की पुढच्याच वर्षी राज्याला कायदा करावा लागला, खेळात मुळातच असलेला उघड धोका खेळणाऱ्याने पत्करलाय असं धरणारा. न्यू इंग्लंडमध्ये गेल्या शतकभरात बंद पडलेल्या स्की जागांची यादी सहाशेच्या वर जाते, त्यात दोरीने वर ओढणाऱ्या शेतावरच्या टेकड्याही आल्या, पण तरी सहाशे.

लॉजमध्ये आता सगळे तज्ज्ञ झालेत. चेअरवर कुणाच्याही शेजारी बसा, टॉवर नंबर चारपर्यंत तो तुम्हाला डोंगर कोण घेणार ते सांगतो. एक गट म्हणतो प्रायव्हेट क्लब होणार, श्रीमंत मेंबर, गेट, आपण बाहेर. त्यांना मी हर्मिटेज क्लबची आठवण करून देतो. व्हरमाँटमधल्या विल्मिंग्टनचा हेस्टॅक डोंगर २०११ मध्ये घेऊन मेंबरांसाठीचा क्लब केला, आलिशान लॉज बांधला, सहा माणसांची गरम सीटांची, वर पारदर्शक झाकण असलेली चेअर बसवली, आणि २०१८ मध्ये बँकेचा जप्तीचा दावा, थकलेल्या टॅक्सपायी राज्याने ठोकलेलं कुलूप, पुढे दिवाळखोरी. २०२० मध्ये लिलाव झाला आणि मेंबरांच्याच गटाने साधारण ८० लाख डॉलरला तो परत घेतला. म्हणजे गरम सीटांनीही पोट भरत नाही, आणि प्रवेश फी भरलेल्या लोकांना आपलाच डोंगर दुसऱ्यांदा विकत घ्यावा लागला.

दुसरा गट को-ऑपवाला, म्हणजे सहकारी मालकीवाला. मी मनाने यांच्याकडचा. व्हरमाँटमधलं मॅड रिव्हर ग्लेन १९९५ पासून स्की करणाऱ्यांच्याच सहकारी संस्थेच्या मालकीचं आहे, शेअर घ्या आणि मालक व्हा, मतदान करा. तिथली एकेकट्याने बसायची १९४८ ची सिंगल चेअर मेंबरांनी पैसे गोळा करून २००७ मध्ये नव्यासारखी करून घेतली, तीच एकट्याची, हट्टाने. (स्नोबोर्डला तिथे बंदी, त्यामुळे आमच्या घरात या आदर्श उदाहरणाचं फारसं कौतुक होत नाही.) पण मॅड रिव्हरकडे नाव आहे, वेड आहे, उंच डोंगर आहे. आमच्या हजार फुटांसाठी तेवढे शेअर खपतील का, मला शंका आहे. आम्ही लॉजमध्ये कागद फिरवला तेव्हा सह्या भरपूर आल्या, रकमेच्या रकान्यात मात्र बऱ्याच जणांनी नुसती रेघ मारली.

तिसरा शेवट व्हरमाँटमधल्या ॲस्कटनी डोंगरासारखा. २०१० मध्ये बंद, लिफ्ट विकल्या, हायस्पीड चेअर न्यू हॅम्पशायरच्या क्रॉचेड माउंटनला गेली. मग २०१५ मध्ये वेस्ट विंडसर गावाने जमीन घेतली आणि आता स्वयंसेवक तिथे दोरी आणि टी-बारवर मुलांना खेळवतात, वर जायचं तर चालत, स्कीखाली स्किन (मागे घसरू न देणाऱ्या पट्ट्या) लावून. डोंगर छोटा झाला, कर्ज गेलं. मला विचाराल तर आमच्या इथे यातलंच काहीतरी होणं सगळ्यात शक्य आहे आणि ते वाईट नाही, फक्त त्याला कुणी सीझन पासचे आत्ताचे पैसे देणार नाही.

कुणी घ्यावा हा पास? घरात लहान मूल शिकत असेल, तासाभराच्या अंतरावर राहत असाल, आणि पैसे बुडाले तरी महिन्याचं बजेट कोलमडणार नसेल तर खुशाल घ्या, मुलाला असा डोंगर दुसरीकडे मिळत नाही. दूरून येऊन हॉटेल बुक करणाऱ्याने घेऊ नये, लिफ्ट बंद तर हॉटेलचेही गेले. मधला मार्ग म्हणजे इंडी पास, २०१९ पासून आहे, अशाच स्वतंत्र डोंगरांचा, प्रत्येक ठिकाणी दोन दिवस, आणि पैसे भेटींच्या प्रमाणात त्या त्या डोंगराकडे जातात. सामील डोंगराचा पास असेल तर बऱ्याच ठिकाणी तो सवलतीत जोडून मिळतो. घेताना तिकीट खिडकीवर दोन प्रश्न विचारा, लाजू नका: मेन चेअरचं या वर्षीचं लायसन झालं का, आणि उघडलं नाही तर पैसे परत की पुढच्या वर्षी जमा. आमच्याकडे उत्तर जमा असं होतं, आणि जो डोंगर उघडणार नाही त्याच्याकडे जमा ठेवून करायचं काय हे खिडकीतल्या पोराला मी विचारलं तर तो बिचारा हसला, त्याचा स्वतःचाच दोन आठवड्यांचा पगार लटकलेला होता.

आत्ता एप्रिल चालू आहे, अर्ली बर्ड महिनाअखेरपर्यंत. लेक रोज विचारते. आमचं ठरलंय, वसंतात पैसे द्यायचे नाहीत, ऑक्टोबरमध्ये लिफ्टची तपासणी पार पडली आणि कर्जाचं काहीतरी ठरलं की पूर्ण भावाने घ्यायचा, शंभर-दीडशे डॉलर जास्त गेले तरी चालतील. सगळ्यांनी असं केलं तर डोंगर उन्हाळ्यातच बुडेल हे मलाही कळतं, म्हणून लेकीच्या स्की स्कूलचे तेवढे आधी भरलेत, त्या बाईंना काम राहावं एवढ्यासाठी. स्कीइंगला पाचपैकी साडेचार, लिफ्टला दोन, मालकांच्या हिशेबाला अजून मार्क देत नाही. मालक बदलला तर इथेच अपडेट टाकेन.